संत्र्यांची कॅसेट

खरं सांगायचं तर शामला त्या दुकानात शिरली ती कूलरसाठी.

सत्त्याऐंशी सालचा मे महिना, नागपूरचं ऊन, आणि सकाळपासून सीताबर्डीतली सात दुकानं पालथी घातलेली. आठव्या दुकानावर पाटी टीव्ही दुरुस्तीची होती, पण दारातून वाळ्याचा ओला गार वास आला आणि पाय आपसूक वळले. डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा सोडत ती कूलरसमोर उभी राहिली, डोळे मिटले... आणि उघडले तर समोरच्या कपाटात व्हिडिओ गेमच्या कॅसेटा ओळीनं मांडलेल्या! देव्हाऱ्यात देव मांडावेत तशा.

"हवा खाऊन झाली असेल तर काम सांगता का जी?" टेबलामागून आवाज आला. चंद्रभान लांजेवार. हातात पेचकस, कानावर पेन्सिल, आणि ओठांच्या कोपऱ्यात दडवलेलं हसू.

शामला ओशाळली. पण गरजवंताला अक्कल नसते. "तुमच्यापाशी संत्र्यांची कॅसेट आहे का?"

"संत्र्यांची?"

"वर झाड हलत राहते, त्यातून संत्री पडतात, खाली एक माणूस टोपलीत झेलते." तिनं पिशवीतून जुनी कॅसेट काढली. लेबल बोटांच्या घामानं पार पुसून गेलेलं. "काकानं कुवेतहून आणली होती. आईनं कूलरपाशी ठेवली, अन् पाणी गेलं आत."

त्यानं ती कॅसेट दोन्ही हातांनी घेतली. शामलाच्या ध्यानात पहिल्यांदा राहिलं ते हेच... दोन्ही हातांनी. त्यानं ती उघडली, पुसली, फुंकर घातली, आपल्या टीव्हीला चार वेळा लावून पाहिली. पडदा काळा तो काळाच.

"गेली ही," तो हळूच म्हणाला. "पाच वर्षं झाली, कॅसेटा जमवून राहिलो मी. बंगल्यातली पोरं कंटाळली की दुरुस्तीची मजुरी सोडतो अन् जुनी कॅसेट मागतो. काही तर आता कुठं बनतच नाहीत. पण संत्र्यांचा गेम नाही पाहिला बाप्पा! इतकी जिवाला काहून लागली तुमच्या?"

मग तिनं सांगितलं. दिवाळीनंतर बाबांना, गोपाळरावांना, लकवा मारला. संत्रा मार्केटात तीस वर्षं संत्री निवडणारा उजवा हात लुळा पडला. डॉक्टर म्हणाले, बोटं हलवत राहा, नाहीतर कायमची आखडतील. रबरी चेंडू दाबायला दिला, तर "मी का लेकरू आहो?" म्हणून भिरकावला. मग एक दिवस सहज हा गेम खेळायची दांडी हातात दिली, आणि संत्री पडताना पाहून अंगठा हलला! मग तर्जनी हलली. आता कॅसेट जाऊन वीस दिवस झाले, आणि हात पुन्हा मांडीवर पडून राहिला होता.

"मी दिवसभर टायपिंगच्या क्लासात पोरींची बोटं चालवते जी... अन् माझ्याच बापाची..."

चंद्रभाननं माठातलं पाणी आणून दिलं.

त्यानंतर तो हात धुऊन त्या कॅसेटमागं लागला. धरमपेठेतले ओळखीचे बंगले धुंडाळले, मुंबईच्या मित्राला पत्रं टाकली. आणि शामला? तिला दर दोन दिवसांनी बर्डीवर काही ना काही काम निघू लागलं.

"मिळाली?"

"नाही. पण तुम्ही आल्या ना!"

"त्याचा काय फायदा?"

"तुम्हाले नसेल... मले आहे."

एकदा त्यानं कपाटातलं सगळ्यात वरचं खोकं दाखवलं. प्लॅस्टिकमध्ये सीलबंद, वर तांबडी कोंबडी छापलेली. "ही माझी जान. अख्ख्या नागपुरात एकच. मुंबईचा एक जण हिच्या बदल्यात रंगीत टीव्ही द्यायले तयार होता."

"खेळता कसे मग?"

"खेळत नाही जी! सील तुटलं की संपलं. नुसती पाहतो."

"नुसतं पाहायची सवयच दिसते तुमची," शामला म्हणाली, आणि स्वतःच लाल झाली.

अखेर एका रविवारी तो घरीच आला. म्हणे रोगी पाहिल्याशिवाय औषध कसं द्यायचं! आईनं, प्रयागबाईनं, तर्री-पोह्यांची बशी पुढं केली. त्यानं पहिला घास घेतला, टीव्हीकडं पाहिलं, आणि घास तोंडातच राहिला.

टीव्ही साधा काळा-पांढरा. डोळ्यांना त्रास नको म्हणून प्रयागबाईनं इतवारीतून नारिंगी काच आणून त्याच्यापुढं बसवली होती. तिच्यातून बातम्या देणारी बाईसुद्धा नारिंगीच दिसे. घराला त्याची इतकी सवय झाली होती की ती काच आहे हेच सगळे विसरले होते.

"शामलाबाई," चंद्रभान हळूच म्हणाला, "ह्या काचेतून पांढरं काही पडलं, तर काय दिसेल?"

"नारिंगी..." तिनं तोंडावर हात ठेवला. "अवं बाई!"

"अन् त्या झाडाले बुंधे किती होते?"

"दोन... बारीक बारीक..."

तो बशी ठेवून सायकलवर उडी मारून गेला, आणि अर्ध्या तासात घामाघूम होऊन परतला. हातात ते कोंबडीचं खोकं. शामलानं आता ते नीट पाहिलं. वर दोन बारीक पायांवर उभी कोंबडी, खाली टोपली घेतलेला माणूस, आणि मधे टपाटप पडणारी अंडी!

"हळू बोला," ती कुजबुजली. आतल्या खोलीत बाबा होते, गळ्यात तुळशीची माळ. ह्या घरात अंड्याचं नावही निघत नसे. मग तिला एकदम त्या सीलची आठवण झाली. "थांबा! उघडू नका. तुमची जान आहे ती."

"पाच वर्षं नुसतं खोकं पाहिलं जी," त्यानं प्लॅस्टिकला नख लावलं. "आतलं आज पाहतो."

चर्रकन सील फाटलं. शामलाच्याच काळजात चर्र झालं.

बाबांना टीव्हीपुढं आणून बसवलं, कॅसेट लागली. दांडी बाबांच्या हातात गेली. पडद्यावर काही हललं, काही पडलं... आणि गोपाळरावांचा अंगठा थरथरत वळला.

"संत्री आली वं शामले!"

प्रयागबाईनं पदर डोळ्यांना लावला. चंद्रभान निघाला तशी शामला दारापर्यंत त्याच्यामागं आली. "तुमचे उपकार मी ह्या जन्मात..."

"उपकार म्हणू नका. परकं वाटते." त्यानं रिकामं खोकं तिच्या हातात दिलं. "हे लपवा. बाबांनी पाहिलं तर खेळ बंद."

मग दर रविवारी चंद्रभान 'कॅसेट साफ करायला' येऊ लागला. ती कॅसेट नागपुरातली सगळ्यात स्वच्छ कॅसेट झाली असेल! पावसाळा सरला, नोव्हेंबर लागला, बाजारात नवी संत्री आली. त्या रविवारी गोपाळरावांनी एक संत्रं उचललं. उजव्या हातानं. साल सोलायला चांगली पाच मिनिटं लागली, पण कुणाला मदत करू दिली नाही. अर्धं संत्रं त्यांनी चंद्रभानपुढं धरलं.

"घे गा. ह्या हातानं सोललेलं पयलं आहे. तुह्याच हक्काचं."

चंद्रभाननं एक फोड तोंडात टाकली.

"अन् एक सांगू? संत्रं खाली पडलं तर घरंगळते. फुटून पसरते, ते अंडं."

शामला आणि चंद्रभान, दोघांचेही चेहरे पांढरेफटक पडले.

"तीस वर्षं संत्री निवडली मी. मले पयल्याच दिवशी समजलं होतं."

"मग बोलले काहून नाही बाबा?" शामलानं विचारलं.

"बोललो असतो तर माह्या हाताचं काय झालं असतं? अन् हात बरा झाल्यावर बोललो असतो तर ह्याचं रविवारचं येणं बंद झालं असतं." ते मिस्कील हसले. "पांडुरंगाची माफी मी मागून घेतली. तुम्ही आपलं पाहा."

चंद्रभान सायकलपाशी पोचला तशी शामला खोकं घेऊन धावत आली. "हे परत घ्या. आता लपवायचं काही राहिलं नाही."

खोकं रिकामं नव्हतं. आत ती जुनी, बिघडलेली कॅसेट होती, आणि कोऱ्या लेबलवर बॉलपेननं लिहिलं होतं, 'शामला'.

"नाव पुसलं होतं तिचं... म्हणून लिहिलं," ती खाली पाहत म्हणाली. "पण चालत नाही ती."

त्यानं ती दोन्ही हातांनी घेतली, अगदी पहिल्या दिवशी घेतली होती तशी. "ही आता कोणाले देणार नाही मी."

"अन् कोणी रंगीत टीव्ही देतो म्हटलं तर?"

"कायले पाहिजे? नारिंगी काच बस आहे आपल्याले."

'आपल्याले' म्हणाला तो. शामलानं ते नीट ऐकलं, आणि दुपट्ट्यात तोंड लपवून हसत ती आत पळाली.