एक्केचाळीस नंबरचं स्वच्छ पाणी

एक्केचाळीस नंबरच्या बोअरमधलं विष नाहीसं झालं होतं.

टेसा लिंडक्विस्टनं थर्मामीटर पाण्यातून काढला, आकडा पाहिला, पुन्हा बुडवला. पाच अंश. इथलं भूजल उन्हाळा असो की हिवाळा, सोळावरच असतं.

१९९४चा जानेवारी. केंद्र सरकारच्या बंद अणुकारखान्याचं ओसाड माळरान. टेसा राज्याच्या पर्यावरण खात्याची. कारखाना साफसफाई खरंच करतोय का, हे बघायला नेमलेली. पुरलेला किरणोत्सारी कचरा आणि नदीकाठची वस्ती यांच्यामध्ये पहाऱ्याला हा एकच बोअर. मागच्या तीन तपासण्या निर्मळ निघाल्या होत्या. आज चौथी निघाली की बोअर सिमेंटनं बुजवणार. मग तिकडे कोणी बघायचंही नाही. आणि त्या वस्तीतल्या विहिरीचं पाणी टेसाची तीन वर्षांची मॅरेन पीत होती.

"पाणी स्वच्छ निघालं म्हणून तोंड पाडणारी बाई पहिल्यांदाच बघतोय," कारखान्याचा तरुण इंजिनिअर केसलर हात चोळत म्हणाला. "करा सही."

"एवढी घाई कसली?"

"चौथी सही झाली की मला बढती. लपवत नाही मी."

"सकाळी इथे आला होतात?"

"मी? बोअरची किल्ली वेंडेलकडे असते. मला तर हे टेकाड दिवसाढवळ्याही नको वाटतं."

बोअरमागच्या टेकाडावर जुन्या गावाची दफनभूमी होती. महायुद्धात सरकारनं महिन्याभरात गाव उठवलं. जिवंत गेले, मेलेले राहिले. दगडांमधून वारा असा यायचा, जणू कोणी दबक्या आवाजात नावं घेतंय. नातेवाइकांना वर्षातून एकदाच आत सोडत, मे महिन्यात. सगळ्या थडग्यांवर वाळू चढली होती. एक लहानसा दगड तेवढा स्वच्छ झाडलेला.

टेसा ट्रककडे वळली. वेंडेल प्रूइट, साठी उलटलेला रखवालदार, चाकाशी उभा होता.

"नमुन्याआधी बोअरमधलं साचलेलं पाणी उपसलंत?"

"तासभर. नेहमीसारखं तू यायच्या आधीच. लेकुरवाळी बाई तू, वाऱ्यात कशाला ताटकळायचं?"

"जमिनीवर नाही ना सांडलं?"

"थेंबसुद्धा नाही, पोरी. नियम म्हणजे नियम. सगळं टाकीत."

टेसानं ट्रकवरच्या टाकीवर मूठ आपटली. टाकी ढण्ण वाजली.

"केसलर, इकडे या. सही होणार नाही."

केसलर धावत आला.

"उपसलेलं पाणी टाकीत असतं तर टाकी अशी वाजली नसती. तुम्ही पाणी काढलं नाहीत, वेंडेल. ओतलंत. शहरातल्या नळाचं, ट्रकवर गारठलेलं. म्हणून पाच अंश. मागच्या तीन खेपा उबेच्या दिवसांतल्या, फरक दिसला नाही. आणि तुम्ही माझी काळजी घेताय म्हणून मी उपसा बघायचंच सोडलं. ती चूक माझी."

"पण याला काय मिळणार?" केसलर ओरडला. "बढती तर मला!"

"बोअर घाण निघाला तर सफाईसाठी खणायचा चर या टेकाडातून जाणार. आणि ऐन जानेवारीत थडगं झाडायला कोण येईल? ज्याच्याकडे किल्ली आहे तोच. कोणाचं आहे ते, वेंडेल?"

म्हाताऱ्यानं टोपी काढली.

"रूबीचं. धाकटी बहीण. दोन वर्षांची. गाव सोडताना आई म्हणाली, हिला एकटी टाकू नकोस. मी अकरा वर्षांचा होतो. ही नोकरी धरली ती त्यासाठीच. तिला यंत्राच्या तोंडी देऊ?"

टेसा त्याच्या जवळ गेली.

"आज निघताना मी मॅरेनला पेला भरून पाणी दिलं," ती हळूच म्हणाली. "विहिरीचं. मीच."

वेंडेलनं एकदा टेकाडाकडे पाहिलं आणि टोपी डोक्यावर घातली. मग त्यानं स्वतःच पंप सुरू केला.

टेसानं गाडीतल्या फोनवरून घर गाठलं. "आई, पोरीला विहिरीचं पाणी देऊ नकोस. नंतर सांगते."

तासाभरानं थर्मामीटर सोळावर आला. टेसानं नमुन्याची बाटली भरली. तिच्या चिठ्ठीवर कारखाना आणि राज्य, दोघांच्याही सह्या लागतात. वेंडेलनं आपली केली.

"खणतील तेव्हा तिला मी उचलणार," तो म्हणाला. "यंत्र नाही."

टेसानं अहवालात राज्याची पहिली अट म्हणून ते वाक्य जसंच्या तसं लिहिलं आणि खाली सही केली.