उपासेंच्या परांचीवर कुणी घाबरत नाही

कंत्राटदाराचा चहा वैजयंता म्हमाणे घेत नसे. त्यामुळे बसवराज उपासेंनी पत्र्याच्या शेडमध्ये तिच्यासमोर ठेवलेल्या कपावर साय धरली होती आणि ती आपल्या थर्मासमधला कोरा चहा पीत होती.

"विष नाही हो घातलेलं, मॅडम," उपासे हसले.

"तसं नाही म्हणत मी. नियम आहे."

हा नियम सोलापुरातल्या सगळ्या कंत्राटदारांना पाठ होता. इमारतीभोवती पाइप-फळ्यांच्या परांच्या बांधणाऱ्याला मोठ्या कामाची निविदा भरायची तर आधी स्वतंत्र तपासणीतून पात्रतेचा दाखला मिळवावा लागे, आणि तपासणाऱ्याने त्याच्या पैशाचं काहीही तोंडात घालायचं नाही. उपासेंना वीज केंद्राच्या चिमणीचं काम हवं होतं. तिथे परांचीवर दोन-तीनशे माणसं चढणार होती. त्याआधी या सहा मजली इस्पितळाच्या परांचीवर त्यांची परीक्षा होती.

पूर्वी ही परीक्षा पाइप आणि क्लॅम्प बघून व्हायची. कंत्राटदारही बेरकी, आदल्या दिवशी रंग मारून ठेवायचे. मग भयमापक पट्टी आली. वर्षानुवर्षं उंचावर काम केलेल्या माणसाच्या शरीराला सैल जोड त्याच्या आधी कळतो, हे संशोधकांच्या लक्षात आलं होतं. तळवा ओलसर होतो, नाडी वेगळी पडते, पकड घट्ट होते, आणि त्या माणसाला स्वतःला त्याचा पत्ताही नसतो. मनगटावरची पट्टी हे सगळं टिपते. हिरवी असेल तर माणूस निवांत, पिवळी असेल तर साशंक, आणि लाल झाली की तिथे काहीतरी गडबड आहे. लोखंडाला रंग लावता येतो, घामाला कसा लावणार?

उपासेंच्या सगळ्या माणसांच्या पट्ट्या हिरव्या होत्या, आणि तेच वैजयंताला खटकत होतं. परांची कितीही पक्की असो, अंगावरून कबुतर फडफडत गेलं तरी माणूस दचकतो. इथे कुणी दचकतच नव्हतं. पट्ट्याच खोट्या असणार म्हणून तिने आपल्या पिशवीतल्या सीलबंद पट्ट्या काढून स्वतःच्या हाताने सगळ्यांना बांधल्या. त्याही हिरव्याच राहिल्या.

नियमाप्रमाणे एक पट्टी तिच्याही मनगटावर होती. ती मात्र दुसऱ्या मजल्यालाच लाल झाली. वैजयंताला उंचीची भयंकर भीती वाटे आणि ऑफिसात त्यावरून तिची यथेच्छ चेष्टा व्हायची. तरी ती पुढची सगळी बाजू चढून आली. जोड पक्के होते, फळ्या नव्या होत्या. उपासे शेडच्या दारातूनच बोट दाखवत होते. परांचीखाली ते एकदाही आले नाहीत. मागची बाजू जेवणानंतर बघायची ठरली.

दुपारी ती भिंतीच्या सावलीत टेकली तेव्हा दस्तगीर आला. हा परांचीवाल्यांचा मुकादम. त्याने गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

"उन्हातनं आलाव, नुसतं पाणी पिऊ नका."

"शेठचं काही चालत नाही मला."

"शेठचं कुठलं? आमच्या माठातलं हाय."

त्याच्या हातचं गूळपाणी नाकारायचं म्हणजे त्याचा अपमान. तिने खडा तोंडात टाकला आणि वर गार पाणी प्याली.

थोड्या वेळाने ती मागच्या बाजूने चढली. सोबत दस्तगीर होता. चौथ्या मजल्यावर फळी पायाखाली चांगलीच वाकली. क्लॅम्पला हात लावला तर तो बाटलीच्या झाकणासारखा फिरला. खाली वाळूचा ढीग आणि सळयांचे भारे दिसत होते. वारा छान होता. इथे जरा बसावं, असं तिच्या मनात आलं.

घड्याळ बघायला तिने मनगट वळवलं. पट्टी हिरवी होती.

इतक्या वर्षांच्या नोकरीत तिची पट्टी परांचीवर कधीही हिरवी राहिली नव्हती.

"दस्तगीरभाई, गूळ कुठून आणता?"

"ढेप शेठच देतात की, दिवाळीपासनं. ऊन बाधू नये म्हणून औषध घातलेलं असतंय." तो फळीच्या अगदी टोकाला उभा होता. मागे कठडा नव्हता. "लई गुण आला बघा. आधी वर चढताना पोटात गोळा यायचा. आता काही वाटत नाही."

"कुणी पडलं नाही?"

"इरण्णा पडला की. फळी संपली तरी बोलत बोलत चालतच गेला. कंबर गेली त्याची. पण हसत हुता."

हे सांगताना दस्तगीरही हसत होता. आपल्या अंगावर काटा यायला हवा, एवढं वैजयंताला कळत होतं. काटा येत नव्हता. आपले पायही फळीच्या टोकाला थांबणार नाहीत, हे तिने नुसत्या बुद्धीने ओळखलं आणि ती हातापायांवर आली. प्रत्येक फळी हाताने चाचपत ती रांगत निघाली. माणसं हसली. तिलाही हसू आलं, आणि त्या हसण्याचा तिला फार संशय आला.

खाली शेडच्या दारात उपासे वाटच बघत होते. "तुमची पट्टीपण हिरवी, मॅडम. आता कशाला अडवता?"

"दाखला मिळणार नाही. दस्तगीरभाईंकडून गुळाचा आणखी एक खडा मी तपासायला घेतलाय. आणि माणसांना आत्ता खाली उतरवा."

"मी कुठं धरून ठेवलंय? बोलवा की."

तिने हाका मारल्या. मागची बाजू कोसळेल, जिवाला धोका आहे, उतरा. चौथ्या मजल्यावरून दस्तगीरने "उतरतो की निवांत" म्हटलं आणि कुणीही जागचं हललं नाही. ओरडावं तर आवाजात धारच येत नव्हती. जी भीती तिच्याकडेच उरली नव्हती, ती दुसऱ्याला घालायची कशी?

गूळ न खाल्लेला एकच माणूस तिथे होता. वैजयंताने उपासेंचं मनगट धरलं, पिशवीतली शेवटची पट्टी त्यावर बांधली आणि त्यांना ओढतच मागच्या परांचीखाली नेलं.

"मॅडम, सोडा. इथं नको," उपासे वर बघत म्हणाले. पट्टी लालभडक झाली होती.

तिने त्यांचा हात वर उचलून धरला. परांचीवरची माणसं वाकून बघू लागली. मग दस्तगीरने वरून अगदी आपुलकीने विचारलं,

"शेठ, तुम्ही कशापायी भ्यालाव?"