आतून घोटलेले सांधे

अमोस थर्केटल इंग्लंडातल्या सफोकमधला गवंडी. पन्नास वर्षं विटा रचल्या. लेक हेस्टर भाड्याच्या शेतघरात राहायला गेली आणि तिचं दीड महिन्याचं पोर खोकायला लागलं, तेव्हा तो थापी-छिन्नी घेऊन निघाला. धुराडं धूर वर ओढत नव्हतं. अशा धुरात पोर हिवाळा काढणार नाही, असं डॉक्टरनं सांगितलं होतं.

घर अडीचशे वर्षांचं, लाल विटेचं. पुढच्या खोलीतल्या शेकोटीशेजारचा कोनाडा विटांनी बुजवलेला. धूर त्यामुळंच अडतो, हे अमोसनं एका नजरेत ओळखलं. पाळणा त्याच भिंतीला टेकून होता. ऊब तिथंच होती. शेजारची पास्कबाई दारातूनच म्हणाली, की जुन्या लोकांनी बुजवलं ते उगाच नव्हे.

"विटेत भुतं नसतात, बाई. ओल असते," अमोस म्हणाला. "ती काढायला आलोय."

"ओल काढायला आलेले तुम्ही काही पहिले नाही," बाई म्हणाली आणि गेली.

दुपार कलली होती. बाहेर धुकं उतरत होतं. बुजवलेल्या भिंतीत विटांमधले सांधे पाहून अमोसनं नाक मुरडलं. चुना जागोजागी ओघळून तसाच वाळला होता. गवंडी ज्या बाजूला उभा असतो, त्या बाजूचे सांधे थापीनं घोटतो. ओघळ राहतो तो पलीकडे. कोण शिकाऊ होता हा, असं तो पुटपुटला.

झोपलेल्या पोरासकट पाळणा त्यानं हातभर सरकवला. चार विटा निघाल्या. त्यानं भोकातून हात घालून भिंतीची मागची बाजू चाचपली. सांधे गुळगुळीत होते. बोट घसरत गेलं.

म्हणजे बांधणारा आत होता.

अमोसनं मेणबत्ती आत धरली. एक माणूस उभा राहील एवढी जागा. वर, खाली, चहूकडं वीट. वाट नाही. हाडं नव्हती, चिंधीही नव्हती. एक फळी होती, तिच्यावर चुन्याचा गोळा. त्यात गाईचे तांबडे केस मळलेले. चुना घट्ट धरावा म्हणून केस मळायची ती रीत अमोसच्या आजाबरोबरच गेली होती. त्यानं बोट लावलं.

बोट रुतलं. चुना ओला होता.

स्वयंपाकघरातून हेस्टरचा आवाज आला. "बाबा, धूर कमी होईल का हो?"

"आत येऊ नकोस..."

त्यानं विटा परत लावायला घेतल्या. सांधे घोटायला तो थांबला नाही. शेवटची वीट अर्धी सरकवली आणि दम घेतला.

उरलेली अर्धी आतून ओढली गेली.

मग थापीच्या मुठीचे दोन ठोके ऐकू आले. वीट चपखल बसली. अमोसची थापी जमिनीवर पडली होती.

त्यानं हेस्टरला हाक मारली. "पोराला उचल. शाल घे. आत्ताच्या आत्ता."

"बाबा, पण पाव भट्टीत आहे..."

"जळू दे."

गाडीवाटेनं दोघं निघाली. मैलभर चालून झालं. मग हेस्टर हसली. "तुमच्या हाताला गुण आहे, बाबा. निघाल्यापासून पोर एकदाही खोकलं नाही."

अमोस थांबला. पोर जागं होतं आणि त्याच्याकडंच बघत होतं. उजवी मूठ घट्ट मिटलेली. हेस्टरनं उघडून पाहिली, उघडेना. अमोसनं एकेक बोट सोडवलं.

तळहातावर ओला चुना होता. त्यात तांबडे केस. वरून नीट घोटलेला.