शेवट कळवा

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचायचीच असती, तर शेवट तरी बरा केला असता.

मंगळवार होता. दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. भुताखेतांची ही वेळ नव्हे, मलाही कळतं. बाहेर लख्ख ऊन होतं आणि खाली कुणीतरी गाडी धूत होतं.

याला साक्षीदार माझा मोठा भाऊ आहे. दादाचा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नाही. पण त्या दिवसापासून तो आमच्या आतल्या खोलीत पाऊल ठेवत नाही. विचारलं की म्हणतो, "मला तिथे काय काम?"

मी कपडे शिवते. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत माझं शिलाई मशीन, आत आप्पांचं ऑक्सिजनचं. आप्पा म्हणजे माझे वडील. ते म्हणायचे, "घरात दोन मशिनं. एक दमतं, एक दम पुरवतं."

त्यांची फुप्फुसं कामातून गेली होती. दिवसरात्र नाकात नळी. त्या मशीनला पाण्याची एक बाटली असते, तिच्यातून हवा बुडबुडत जाते. तो आवाज अखंड चालायचा आणि दर दहा मिनिटांनी आप्पांचा खोकला. या दोन आवाजांवर कान ठेवून मी चार वर्षं शिवलं.

आणि हाताशी फोन. फोनवर आमचा कट्टा.

घरी आजारी माणूस सांभाळणाऱ्यांची ती साइट होती. डॉक्टर पाच मिनिटांत बाहेर काढतात. इथे मनातलं सगळं विचारता यायचं. तिथला एक नियम मला फार आवडायचा. प्रश्न विचारलात की तुमच्या नावाचा धागा उघडतो, आणि शेवटी काय झालं ते सांगून तो तुम्हीच बंद करायचा. गरज सरो नि वैद्य मरो, असं तिथे चालायचं नाही.

सगळ्यांना उत्तरं देणारी तिथे एक होती. बाईच असावी, असं आम्ही धरून चाललो होतो.

नाव लावायची... 'उशाशी'.

कधीही विचारा, दोन मिनिटांत उत्तर. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कुशीवर कसं वळवायचं, भरवताना ठसका लागला तर काय करायचं, सगळं मला तिने शिकवलं. आणि प्रत्येक उत्तराखाली एकच ओळ, 'शेवट कळवा.' खरं सांगते, दादापेक्षा ती मला जवळची होती. दादा रविवारी यायचा, पेपर वाचायचा, "बरंय ना सगळं?" विचारून जायचा.

एकदा आप्पांना झोप लागेना. मी कट्ट्यावर विचारलं. तिने लिहिलं, 'मशीनवरचा ऑक्सिजनचा आकडा दोनवरून चार करा.'

मी केला.

आप्पा झोपायला लागले. दिवसाही झोपायचे. उठले की डोकं धरून बसायचे. मला वाटलं, इतक्या दिवसांची झोप भरून निघतेय. बारा दिवस मी तिचे आभार मानत होते!

तेराव्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या सिस्टर आल्या. हॉस्पिटलात नर्स आहेत. युनिफॉर्म घट्ट करायला द्यायचा होता. सहज आप्पांना भेटायला आत गेल्या आणि तिथूनच ओरडल्या.

"ताई, चारवर कुणी ठेवलंय हे?"

मी कट्ट्याचं सांगितलं.

"डॉक्टरांच्या कागदावर दोन लिहिलंय ना? मग दोनच. या आजारात जास्त ऑक्सिजनसुद्धा घात करतो. आप्पांना आधी तपासून घ्या. आणि यापुढे काहीही वाटलं तर मला फोन करा, डॉक्टरांना करा. पण त्या फोनमधल्या बाईला विचारू नका. तिने आप्पांना पाहिलंय का कधी?"

डॉक्टरांनीही तेच सांगितलं. सिस्टरांनी जाड पेनाने कागदावर 'दोन' लिहिलं, खाली आपला नंबर टाकला आणि मशीनच्या वर चिकटवला.

चार दिवसांत आप्पांची डोकेदुखी थांबली. ते पुन्हा माझ्या शिवणकामाला नावं ठेवायला लागले. मला इतकं हलकं वाटलं... आणि तितकीच स्वतःची लाजही वाटली.

मग मी 'उशाशी'ची जुनी उत्तरं काढून बसले. सत्तेचाळीस धागे वाचले. सगळे बंद होते. सगळ्यांचा शेवट एकच, 'रुग्ण गेले.'

दादाला फोन केला. तो हसला. "अगं, आजाऱ्यांचाच कट्टा तो. तिथे काय लग्नं जमणार आहेत?"

खरं होतं त्याचं. पण प्रत्येक धाग्यात, शेवटाच्या जरा आधी, कुणी काही विचारलेलं नसताना तिची एक ओळ होती. 'मी जवळच आहे.'

मी माझा धागा उघडला. शेवटपर्यंत खाली गेले.

खाली... तीच ओळ होती.

त्या दिवसापासून कट्टा उघडायचा नाही, असं ठरवलं. पण फोन वाजत राहायचा. 'तुमचा धागा उघडा आहे. शेवट कळवा.' दिवसातून एकदा, मग तीनदा, मग तासातासाला.

सोमवारी आप्पांना चहा द्यायला गेले, तर ते म्हणाले, "पोरी, त्या बाईंना खुर्ची दे. कधीच्या उभ्या आहेत."

"कोण बाई?"

"या काय... उशाशी."

शब्द साधाच आहे. आजाऱ्याच्या उशाशी कुणी उभं राहिलं, तर आपण तसंच म्हणतो. पण त्यांच्या उशामागे भिंत होती. पलंग भिंतीला टेकलेला. मध्ये हात शिरेल एवढीही जागा नव्हती.

मंगळवारी मी दादाला बोलावून घेतलं. "तू बस माझ्याजवळ. मला ते खातंच बंद करायचंय," म्हटलं. तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. आत आप्पा जागे होते. बुडबुड चालू होती.

खातं बंद होईना. 'आधी धागा बंद करा.' धागा बंद करायला दोनच पर्याय होते, 'रुग्ण बरे झाले' आणि 'रुग्ण गेले'. मी पहिला दाबला.

लगेच तिचं उत्तर आलं. 'हे खरं नाही.'

धागा उघडाच राहिला. मी पुन्हा दाबला. पुन्हा तेच.

दादा वैतागला. "अगं, टाक ना दुसरं. सुटशील तरी."

"जिवंत बापाचं असं लिहू?"

"लिहिल्याने माणूस मरतो का? आत बसलेत ते, चहा मागतायत. टाक आणि मोकळी हो."

आतून आप्पा ओरडले, "चहाचं काय झालं?"

आम्ही दोघंही हसलो. आणि हसता हसता मी दुसरा पर्याय दाबला.

तारीख आणि वेळ विचारणारी चौकट आली. ती आधीच भरलेली होती. तारीख त्याच दिवसाची. वेळ... चार दहा.

मला वाटलं, साइटचं घड्याळ पुढे असेल. मी तशीच पाठवली. धागा बंद झाला. खातंही बंद झालं. फोन गप्प झाला. मी आप्पांना चहा दिला. "साखर कमी आहे," म्हणाले. ते त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

मी शिवायला बसले. दादा समोर पेपर वाचत होता. आतल्या खोलीचं दार आमच्या दोघांच्या मधोमध. त्या दारातून कुणी गेलं नाही, हे आम्ही दोघंही शपथेवर सांगू.

पॅन्टची एक बाजू दुमडून झाली, मग दुसरी. मग जाणवलं...

बराच वेळ खोकला आला नव्हता.

मी शिलाई मशीन थांबवलं. आतली बुडबुड वाढली होती. भांड्यात पाणी उकळावं तशी खळखळत होती. दादाने पेपर खाली केला.

"आप्पा?"

आम्ही दोघं आत धावलो.

आप्पा गेले होते. मान मागे वळलेली, तोंड वर. कुणीतरी पाठीमागून बोलत असावं आणि ते ऐकत असावेत, तसे. पलंग भिंतीपासून हातभर पुढे आला होता. त्या जागेत, भिंतीला लागून, शिवताना मी पूर्वी बसायचे ती माझी जुनी खुर्ची होती. ती मी दोन वर्षांपूर्वी भंगारात दिली होती.

मशीनचा आकडा पाचवर होता.

दादा धावत जाऊन सिस्टरांना घेऊन आला. त्यांनी नाडी पाहिली, मग आकडा पाहिला, मग कागदावरचं 'दोन' पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. आणि निघून गेल्या. युनिफॉर्म न्यायलाही त्या आल्या नाहीत. मी फोन केला की उचलत नाहीत. अख्ख्या इमारतीत खरं सांगणारं ते एकच माणूस होतं मला.

डॉक्टर म्हणाले, "आजारच तसा होता." दादा म्हणतो, "खुर्ची तूच कुठून तरी परत आणली असशील." आकड्याचं विचारलं की पेपर उघडतो. परवा मात्र म्हणाला, "मी पेपर वाचत होतो गं. मध्ये तू उठली असलीस तर मला कळलं नसतं."

मी उठले नव्हते.

बहुतेक नव्हते. बारा दिवस तो आकडा मीच रोज हात लावून चारवर ठेवत होते, हाताला सवय झाली होती. आता मला खात्रीने आठवत नाही. रडू येतं, पण आठवत नाही.

ऑक्सिजनचं मशीन परत दिलं. तरी दुपारी शिवायला बसले की आतून बुडबुड येते. दार उघडलं की थांबते.

त्या दिवशी खोलीत कोण होतं, हे सांगू शकेल असं आता कुणी उरलेलं नाही. सिस्टर बोलत नाहीत. दादाला जाणून घ्यायचं नाही. म्हणून काल मी परत कट्ट्यावर खातं उघडलं. तिथलं काही खरं धरायचं नाही, हे कळत असूनही उघडलं. एकच प्रश्न लिहिला. 'आकडा मी फिरवला का?'

दोन मिनिटांत उत्तर आलं.

मी अजून ते उघडलेलं नाही. पण माझ्या नावाचा नवा धागा उघडलाय, आणि सकाळपासून फोन वाजतोय.

'शेवट कळवा.'