धरलेला सूर

लग्नाला दोन-तीन महिने होऊन गेले, तरी सासूबाई बोलायच्या कशा, चालायच्या कशा, हे तिला ठाऊक नव्हतं. ती या घरात येण्याआधीच त्या गेल्या होत्या. भिंतीवरच्या फोटोत हसत होत्या. पण फोटोतल्या सासूशी जमतही नाही आणि बिनसतही नाही.

त्या मुलांना कीबोर्ड शिकवायच्या. वरच्या खोलीत त्यांचा कीबोर्ड होता, त्याला जोडलेला संगणक होता, आणि त्यात त्यांनी स्वतः वाजवलेली एकच मिडी फाइल होती. बाबांना ऐकवायची आहे, जरा बरा पियानोचा आवाज लावून ठेव, असं नवरा कामावर निघताना म्हणाला. बूट घालता घालता त्यानं समजावलं, की या फाइलमध्ये आवाज नसतोच मुळी. कुठली पट्टी कधी दाबली, किती जोरात दाबली आणि कधी सोडली, एवढंच असतं. आवाज आपण वरून चढवायचा.

"म्हणजे आई ऐकू यायच्या नाहीत, नुसती त्यांची बोटं," ती म्हणाली.

तो क्षणभर नाडी बांधायचा थांबला. "तसंच म्हण."

पडद्यावर एकेक सूर म्हणजे एकेक ठोकळा. बहुतेक ठोकळे तालाच्या उभ्या रेषांना चिकटून होते, काही मात्र जरासे पुढे घसरलेले. नवी सून ती. वाकडं दिसलं की हात शिवशिवणारच. सगळं रेषेत आणणारं एक बटण असतं. ते तिनं दाबलं, फाइल तशीच जतन केली, संगणक बंद केला आणि स्वतःवर खूश होत भांडी लावायला गेली.

संध्याकाळी सासरे वर आले. रोज ते खालच्या खोलीत जिन्याकडे तोंड करून खुर्चीत बसत. ती या घरात आल्यापासून वर यायची ही पहिलीच वेळ. तिनं फाइल लावली आणि सुरांची ती गत संपेपर्यंत ते ऐकत राहिले.

"सूर तिचेच आहेत," ते म्हणाले. "पण वाजवतंय कोण?"

मग त्यांनीच सांगितलं. सासूबाईंच्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट कधीतरी दारात चेंगरलं होतं. ते नेहमी अंमळ उशिरा पोचायचं. आणि शेवटचा सूर त्याच बोटाचा. तो दाबून ती तशीच बसून राहायची, खालून हाक येईपर्यंत.

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, गिळून टाकता आला असता.

दुसरी प्रत नव्हती. नवरा रागावला नाही, जाऊ दे म्हणाला. पण दुसऱ्या दिवसापासून सासऱ्यांनी खुर्ची खिडकीकडे फिरवली. जेवायला हाक मारली तर येत, दोन घास खात, परत खिडकीकडे बघत बसत. त्या माणसाकडे बायकोचं एवढंच काय ते उरलं होतं, आणि आपण ते झाडून पुसून साफ केलं, हे तिच्या मनातून जाईना.

तिनं ठोकळे एकेक करून पुढे सरकवून पाहिले. गत लंगडल्यासारखी वाजली. शेवटी आपली बोटं पट्ट्यांवर ठेवून बघत तिनं त्या एका बोटाचे सगळे सूर हुडकले आणि काढूनच टाकले. फाइल चालू ठेवायची आणि त्या रिकाम्या जागा आपल्या बोटानं भरायच्या, जमेल तितक्या उशिरा.

ढगाळ दुपार होती. नवरा कामावर गेलेला. तिनं रेकॉर्डिंग लावलं, फाइल सुरू केली, स्टूल पुढे ओढलं, आणि दाराची घंटी वाजली. चालू यंत्र तसंच ठेवून ती खाली धावली. कुरिअरवाला होता. सही करताना वरून गत ऐकू येत होती, मध्ये मध्ये खड्डे पडलेली. दार लावून ती वळली.

पुढचा खड्डा आलाच नाही.

तिथे सूर होता. अंमळ उशिरा आलेला. मग पुढचा. तोही तसाच...

खुर्चीचे पाय फरशीवर घासले. सासऱ्यांनी खुर्ची जिन्याकडे फिरवली होती.

"बाबा... वर कोण आहे?"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

ती जिना चढली. खोलीत कुणी नव्हतं. संगणकाच्या पंख्याची घरघर, आणि कुठूनसा ओल्या केसांना लावलेल्या तेलाचा वास. तिच्या केसांना तेल नव्हतं. पडद्यावर सासूबाईंच्या ठोकळ्यांखाली आणखी एक ओळ उमटली होती. त्यातला प्रत्येक ठोकळा रेषेपासून जरासा पुढे घसरलेला.

गत संपली होती. पियानोचा आवाजही विरून गेला होता. पण खालच्या ओळीतला शेवटचा ठोकळा संपत नव्हता. हळूहळू लांबत चालला होता. तिनं कीबोर्डकडे पाहिलं. एक पांढरी पट्टी खाली दबलेली होती.

बंद करायचं बटण हाताच्या अंतरावर होतं. तिनं हात उचलला नाही.

खालून सासऱ्यांची हाक आली. तिला ते बाळा म्हणायचे. ही हाक वेगळी होती, फार दिवस न वापरलेली.

"ऐकलंस का... ये आता खाली."

पट्टी वर आली. पडद्यावरचा ठोकळा थांबला.

ती दारातच उभी होती आणि जिना अरुंद होता. काही विचार न करता ती पदर सावरून भिंतीला लागली, मोठ्या माणसाला वाट द्यावी तशी. तेलाचा वास जवळ आला आणि पुढे गेला.

मग खालून सासऱ्यांनी अगदी हळू, समाधानानं विचारलं,

"आलीस?"

ती अजून वरच उभी होती.