फळ्यावरचं ‘आपण’

साहेब आले तेव्हा भाऊजी वहिनींच्या स्वयंपाकघरातला गळका नळ उघडून बसले होते.

वहिनींनी सारी उमर छापखान्यात मुद्रितं तपासली होती. नवरा गेला, छापखाना बंद पडला, पण दुसऱ्यांच्या चुका शोधायची सवय सुटेना. तेव्हा त्यांनी दारावर ‘खासगी तपास’ अशी पाटी लावली. भाऊजी त्यांचे धाकटे दीर. त्याच इमारतीत, दोन मजले वर, एकटेच राहायचे. गाडी चालवायची आणि वहिनींच्या प्रश्नांना चुकीची उत्तरं द्यायची, ही त्यांची दोन कामं.

“मला धमकी आलीये,” साहेब म्हणाले. लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका कंपनीचे ते शाखाप्रमुख. “कोणी दिली तेही माहीत आहे. फोनवर तक्रारी घेते ती मुलगी. संध्याकाळी तिला घरी बसवणार. तेवढा पुरावा काढून द्या.”

“म्हणजे गुन्हेगार तयार आहे, पुरावा शिजायचाय,” वहिनी म्हणाल्या आणि उठल्या. “चला भाऊजी. तुमचं जेवण झालंय का?”

“आपलं काय, वहिनी! आपण टीव्हीसमोर डबा उघडला की झालं.”

नळ तसाच राहिला.

साहेबांच्या ऑफिसच्या मागच्या खोलीत भिंतभर पांढरा फळा होता. शाखेतली माणसं टिकत नव्हती, म्हणून मुख्य कचेरीने एक प्रशिक्षिका पाठवली होती. तिने सगळ्यांची स्वभावचाचणी घेतली, फळ्यावर प्रत्येकाच्या नावाचा रकाना आखला आणि नावाशेजारी चाचणीने दिलेला स्वभाव लिहिला. मग काल तिने सांगितलं, दिवसभरात येता-जाता एकमेकांबद्दल चांगलं वाटतं ते लिहा.

मेकॅनिकना कामं वाटणाऱ्या तरुणाला सगळे ‘रेडिओ’ म्हणत. त्याच्या नावाशेजारी होतं ‘माणसांत रमणारा’. खाली पाय ठेवायला जागा नव्हती. ‘तुझ्यामुळे सोमवार सोसतो’, ‘तू हसवतोस म्हणून आम्ही टिकलो’, अगदी कडेपर्यंत. फोनवर तक्रारी घेणाऱ्या ताईचा रकानाही भरला होता, बाकीच्यांचेही.

साहेबांच्या नावाशेजारी होतं ‘आधार’. खाली मोकळं मैदान. तळाला मात्र दोन वाक्यं होती; जाड पेनामुळे सगळ्यांचंच अक्षर उमटलं होतं तसंच ठळक, गोल.

*आपण गेल... तरी इथे कोणाला कळणार नाही. आपल्या खुर्चीत दुसरं कोणी बसेल, एवढंच.*

‘गेल’च्या पुढे दोन बोटांएवढा डाग होता.

“हे कोणी पुसलं?”

“मीच. डोकंच फिरलं माझं,” साहेब म्हणाले. “मग म्हटलं, पुरावा आहे, राहू दे. ‘गेलात’ असणार, दुसरं काय?”

डागाच्या वर, शिरोरेघेच्याही वर, एक बारीकशी तिरकी रेघ उरली होती. शाई लागली असावी म्हणून भाऊजींनी ती पुसायला बोट पुढे केलं. वहिनींनी त्यांच्या हातावर चापट मारली.

प्रशिक्षिका आत आली ती हात चोळतच. “आधी आपण सगळे शांत होऊ या. आपण एक टीम आहोत ना?”

“ही चाचणी चुकते का हो कधी?” वहिनींनी विचारलं.

“फारशी नाही. आता रेडिओच बघा. असा माणूस कधी एकटा पडत नाही. मी सगळ्यांसमोर तसं सांगितलंसुद्धा.”

“तुम्ही बसा ना.”

“सवय नाही. पाहुणी मी, इथे माझी खुर्चीच नाही.”

फोनवरची ताई मात्र खुर्चीला खिळलेली होती. “आपण घाबरू नका. आपली लिफ्ट कुठल्या मजल्यावर अडकली आहे? आपण दारापासून लांब उभे राहा, माणूस निघालाय.” तिने फोन ठेवला. डोळे रडून सुजले होते. “साहेब, तुम्ही मला इतकी वर्षं ओळखता. मी कशाला लिहीन? आई अंथरुणाला खिळलीये माझी. ही नोकरी गेली तर मी कुठे जाऊ?”

“ऐकलंत?” साहेब बाहेर आल्यावर कुजबुजले. “आपण, आपली! इथे दुसरं कोणी असं बोलत नाही. रजेवरून आमचं वाजलंही होतं.”

भाऊजींना पटलं. त्यांना नेहमीच लवकर पटायचं.

रेडिओने दोन्ही हात पुढे करूनच एंट्री घेतली. “मीच लिहिलं! घाला बेड्या. आपल्याला काय, आपण तुरुंगातही मजेत!”

साहेबसुद्धा हसले. “तिला वाचवायला बघतोय. स्वभावच तसा आहे त्याचा.”

“सुटल्यावर कुठे जाता?” वहिनींनी त्याला विचारलं.

“संध्याकाळी? इथेच असतो की. लिफ्ट काय, कधीही बंद पडतात.” दारात तो पुन्हा वळला. “खरंच मी लिहिलं हो.”

भाऊजी पोट धरून हसले. वहिनी हसल्या नाहीत.

साहेबांची माणसं कामावरून सुटायच्या आधी वहिनींनी चौघांना फळ्यासमोर बसवलं. प्रशिक्षिका उभीच राहिली.

“साहेब, ‘गेलात’ लिहून बघा.”

त्यांनी लिहिलं.

“‘ला’ आणि ‘त’. रेघेच्या वर काही आलं?”

“नाही.”

“आता ‘गेलो’ लिहा.”

खडूसारखा पेन कुरकुरला. शेवटच्या अक्षरावर मात्रा आली, आणि डागावरच्या तिरक्या रेघेशी ती तंतोतंत जुळली.

“म्हणजे ‘आपण गेलो तरी’. ही धमकीच नाही,” वहिनी म्हणाल्या. “लिहिणारा स्वतःबद्दल बोलतोय. आता आपण म्हणजे कोण? ताईचं ‘आपण’ फोनवरच्या परक्या माणसाला असतं. साहेबांना ती ‘तुम्ही’ म्हणते, स्वतःला ‘मी’. बाईंच्या ‘आपण’मध्ये सगळे येतात, पण त्यांना इथे खुर्चीच नाही.”

“मग माझ्या नावाखाली का लिहिलं?” साहेबांनी विचारलं.

“कारण फळ्यावर तेवढीच जागा रिकामी होती.”

साहेबांनी मान खाली घातली.

“स्वतःला ‘आपण’ म्हणणारा इथे एकच आहे,” वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. “त्याने कबुलीही दिली, दोनदा. तुम्ही हसलात.”

रेडिओ हसायला गेला. ते जमलं नाही.

“बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं की मी कधी एकटा पडत नाही,” तो म्हणाला. “सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग मी सांगणार कोणाला? इतकं छान छान लिहिलंय खाली, पण गेल्या वर्षभरात माझ्या घरी कोणी आलेलं नाही. मी कुठे राहतो, हे तरी माहीत आहे का कोणाला?”

कोणालाच माहीत नव्हतं. प्रशिक्षिकेने आता मात्र भिंतीचा आधार घेतला.

“गेलो म्हणजे कुठे जाणार होतास?” वहिनींनी विचारलं.

“ते अजून ठरवलं नव्हतं.”

ताई उठली. तिने आपली खुर्ची ओढत त्याच्या खुर्चीला लावली. “आज तू माझ्याकडे येतोयस. आई दिवसभर छताकडे बघत पडलेली असते, तिला ऐकव तुझे विनोद. आणि नाही केलेस विनोद, तरी चालेल. नुसता बस.”

त्याने मान हलवली. मग त्याला हुंदका आला आणि तो त्याने आवरला नाही.

साहेबांनी फळ्याकडे पाहिलं. “मला ते माझ्यासाठीच वाटलं,” ते म्हणाले, “कारण वाचताक्षणी पटलं होतं.” मग ते ताईकडे वळले. “माझं चुकलं. उद्या कामावर ये. आणि याच्यासोबत मीही आलो तर चालेल का, आईंना भेटायला?”

“या ना,” ताई म्हणाली.

परतताना भाऊजी गाडी चालवत होते. वहिनी त्यांच्याकडे बघत होत्या. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्या म्हणाल्या, “आज आपण माझ्याकडे जेवू.”

“आपण?” भाऊजींनी समोर बघतच विचारलं. “म्हणजे कोण, वहिनी?”

“तुम्ही आणि मी. टीव्ही नाही. आणि उद्याही. चालेल?”

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीने भोंगा वाजवला तरी भाऊजींनी डोळे पुसायला वेळ घेतला.

“चालेल,” ते म्हणाले. दिवसभरातलं हे त्यांचं पहिलं बरोबर उत्तर होतं.