शिकवलेलं ‘तुम्ही’

चुकीच्या वर्गात शिरून त्याने फळ्यावर अर्थशास्त्रातल्या आलेखाची, मागणीची रेघ ओढलीसुद्धा. मग टेबलाशी उभ्या असलेल्या तिला म्हणाला, "तू... बस ना खाली." सगळा वर्ग हसत सुटला. वर्ग तिचा होता; परदेशातून आलेल्यांना ती तिथे भाषा शिकवायची.

अर्थशास्त्राचा हा नवा परदेशी प्राध्यापक देशोदेशी तात्पुरत्या नोकऱ्या करत इथवर आला होता. त्याचं बोलणं कळत नाही म्हणून विद्यार्थ्यांनी तक्रार केली, आणि विभागप्रमुखांनी त्याला तिच्याकडेच धाडलं. हा पठ्ठ्या त्यांनाही ‘तू’ म्हणायचा! तिने बजावलं, "ज्यांना मान द्यायचा, त्यांना तुम्ही."

"आणि तुला?"

"मला..." ती खिडकीबाहेर बघत राहिली. "मला तू चालेल."

त्या ‘तू’वर तिचा जीव जडला. त्याच्या बाहीवरचा खडू झटकायला तिला रोज निमित्त मिळायचं. पावसात एका छत्रीतून चालताना तो मुद्दाम हळू चालायचा — आणि तीही. त्याने नुसतं ‘चल’ म्हटलं, तर कुठंही जायचं, हे तिने आईलाही सांगून टाकलं होतं.

इथली नोकरी संपत आली तेव्हा दूरच्या एका विद्यापीठाने त्याला कायमची नोकरी दिली. इस्त्रीचा शर्ट घालून तो सांगायला आला. तिथेही भाषेच्या शिक्षिका हव्या आहेत म्हणाला, घुटमळला, मग एकदम ताठ उभा राहिला.

"तुम्ही... तुम्ही माझ्याबरोबर याल का?"

तिला ते ‘तुम्ही’ टोचलं. नोकरी पक्की झाली नि आपण परक्या झालो! आपल्याला शिक्षिका म्हणूनच बोलावतोय हा...

"तिथे मिळतील तुम्हाला दुसऱ्या बाई," ती कोरडेपणाने म्हणाली. त्याचा चेहरा पडला. ‘बरं’ म्हणून तो निघून गेला.

कित्येक महिने ती धुमसत राहिली. शेवटी आईने खोदून खोदून विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं. आईने कपाळावर हात मारला.

"अगं वेडे, तुझ्या बाबांनी मला मागणी घातली, तेव्हा तेही ‘तुम्ही’च म्हणाले होते. एरवी अगं-तुगं चालायचं आमचं."

तिने लगेच त्याला फोन लावला. त्याला आनंद झाला. सफाईदार बोलत होता. त्याचं लग्न ठरलं होतं, तिथल्याच एका मुलीशी.

"एक विचारू?" तो म्हणाला. "त्या दिवशीचं ते वाक्य मी आठवडाभर घोकलं होतं... माझं काही चुकलं होतं का?"

"नाही," ती कशीबशी म्हणाली. "काहीच चुकलं नव्हतं."